चाळीसला कोंबडी, एकशेसाठला बोकड

मी माझ्या गाडीच्या पाठीवर पंख बसवला, आणि तो उलटा बसवला.

एवढंच असतं तर सांगायचं कारण नव्हतं. कोल्हापुरात गाडीला काय काय लावून फिरणारी माणसं आहेत, त्यांच्यात एक उलटा पंख खपून गेला असता. पण मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. विमान वर का उचललं जातं हे दर वर्षी फळ्यावर पंखाची आकृती काढून समजावतो. वरून फुगीर, खालून सपाट, वरची हवा पळते, खालची ढकलते, विमान वर. बावीस वर्षं ही आकृती काढतोय. आता डोळे मिटून काढतो, आणि बहुतेक तिथंच घोटाळा झाला.

पंख ऑनलाइन मागवला होता. काळा, चकचकीत, चार फूट लांब. का मागवला ते सांगायला लाज वाटते, पण आता लपवून काय उपयोग? स्टाफरूमच्या खिडकीतून पोरांचं बोलणं कानावर आलं होतं : "सरांची गाडी बघ की. गाडी हाय का इस्त्री?" झालं. खोक्यातून पंख निघाला तेव्हा त्याचे पाय फुगीर बाजूला होते. म्हणजे दिला तसा बसवला तर फुगवटा खाली येणार. मी हसलो. एवढी मोठी कंपनी आणि एवढंही कळू नये! मी पाय काढले, सपाट बाजूला नवी भोकं पाडली आणि फुगवटा आकृतीप्रमाणे वर आणला. कंपनीची चूक सुधारल्याच्या समाधानात कागलच्या दिशेनं हायवेला लागलो.

एकशेदहाच्या पुढं एका लांबलचक वळणावर गाडीची मागची बाजू हलकी झाली. पोराला चड्डीला धरून उचलावं तशी. पुढची चाकं हायवेवर राहिली, मागची उसाकडं निघाली. ऊस मऊ असतो हा शहरी माणसाचा गैरसमज आहे. मागचा दरवाजा आत गेला, एक दिवा गेला, पंखाला मात्र ओरखडाही नाही.

अशा रीतीनं मी दस्तगीर मिस्त्रींच्या दारात जाऊन उभा राहिलो.

मंगळवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं शेड होतं. माणूस उंचीनं बेताचा, अंगानं वाळका. पंजे मात्र दुसऱ्या कुणा आडदांड माणसाचे उसने आणल्यासारखे. पोचा आलेल्या पत्र्यावर ते डोळे मिटून तळवा फिरवायचे. आपल्याला दिसणार नाही तो खळगा त्यांच्या तळव्याला सापडायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, झालं की आता सरळ." मिस्त्री म्हणायचे, "डोळ्यांचं ऐकू नगा. डोळं गिऱ्हाईकाच्या बाजूचं असत्यात." घरात दखनी, शेडमध्ये कोल्हापुरी आणि शिव्या दोन्हींत, अशी त्यांच्या बोलण्याची वाटणी होती.

माझ्या आत गेलेल्या दरवाज्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पंखाभोवती एक फेरी मारली, खाली वाकले, फुगवट्यावरून तळवा फिरवला.

"ह्यो कुणी बसवला?"

"मीच."

"विमान शिकायला गेलतासा काय?"

"नाही, मी ते शिकवतो."

मिस्त्रींनी हातातली हातोडी हळूच खाली ठेवली. "सर, विमानाला वर जायाचं असतंय. तुमाला कागलला जायाचं होतं."

मग मला एका पालथ्या डब्यावर बसवून, मी पोरांना ज्या सुरात शिकवतो त्याच सुरात त्यांनी मला शिकवलं. गाडीचा पंख म्हणजे विमानाचा पंख पालथा. त्यानं उचलायचं नाही, दाबायचं. दाबलं की टायर रस्त्याला चिकटतो आणि वळणावर गाडी वेग सोडत नाही. "आनि सुलट बसवला असता तरी तुमाला उपेग नव्हता. तुमची गाडी वडत्यात पुढची चाकं, आनि तुमी दाबणार मागं. बैलगाडीत सगळी पोती मागं टाकल्यावर काय हुतंय?"

"जू वर उचलतं."

"मग? भौतिकशास्त्र येतंय की तुमाला. वापरत न्हाईसा एवढंच."

पंख त्यांनी काढून घेतला. परत दिला नाही, मीही मागितला नाही. शेडच्या मागच्या अंगणात दोन विटांवर तो सुलटा ठेवला आणि त्यांच्या कोंबड्या संध्याकाळी त्यावर बसू लागल्या. त्या पंखावर वरून दाब आला तो आयुष्यात पहिल्यांदाच.

पत्रा हा मिस्त्रींचा पोटाचा धंदा. जीव वाऱ्यात. गावाबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर पळणाऱ्या निम्म्या गाड्यांची अंगं त्यांच्या हातांखालून गेलेली, आणि बाकीच्या निम्म्यांच्या मालकांना त्यांनी शेडमधून हाकललेलं. दिखाऊ पंखाचा त्यांना जेवढा तिटकारा होता तेवढा मी दुसऱ्या कुणाला कशाचाही बघितलेला नाही. शेडच्या एका भिंतीवर उतरवलेले पंख टांगलेले असत. लाल, चंदेरी, एक तर चक्क दिवे लागणारा. नवं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला आधी त्या भिंतीसमोर उभं करत. मयताला आलेल्या पावण्याला देतात तेवढा वेळ फक्त देत.

मी त्यांच्याकडं जायला लागलो तो दरवाज्याच्या निमित्तानं. दरवाजा आठ दिवसांत झाला, पण मी जात राहिलो. कॉलेजात माझं कुणी ऐकत नाही याची सवय होती. शेडमध्ये निदान का ऐकायचं नाही ते सांगितलं जाई.

एकदा एका बागायतदाराचा मुलगा आला. गळ्यात साखळी, पाठीमागं दोन मित्र, आणि बाहेर पांढरी स्पोर्ट्स कार, जिचं पोट त्या बोळातल्या प्रत्येक गतिरोधकाला घासून आलेलं.

"मिस्त्री, दुमजली पंख पायजे. लै मोठा."

"गाडी कितीनं पळवतासा?"

"गावात कुटं पळती? चाळीस."

"आनि हायवेला?"

"पप्पा ऐंशीच्या वर न्हाय सोडत."

मिस्त्रींनी त्याला खांद्याला धरून मागच्या अंगणात नेलं आणि माझ्या पंखावर बसलेली कोंबडी दाखवली. "बघा. चाळीसला पंखावर एवढं वजन येतंय. एक कोंबडी. वेग दुप्पट केला की वजन चौपट. ऐंशीला करडू. एकशेसाठला आख्खा बोकड. रेसवाला बोकडासाठी पंख लावतोय. तुमी कोंबडी घिऊन फिरणार."

"मग काय झालं? दिसतंय भारी."

"दिसतंय की. खरं वारा फुकट दाबत न्हाय. दाबला की वडतोय बी. त्या कोंबडीसाठी तुमचं इंजिन जन्मभर जास्तीचं वडत बसणार. आनि तुमच्या गाडीचं छत उंच. त्याच्या आडोशाला पंख लावला तर त्याला वाराच घावणार न्हाय. मग कोंबडी बी न्हाय. नुसता दांडा. त्यावर चड्ड्या वाळत घाला."

मित्र हसले. तो मात्र चिडून, मग मागच्या डिकीवर चिकटलेली ती छोटी पट्टी कशाला असते, असं विचारू लागला. हा प्रश्न चांगला होता, म्हणून मिस्त्रींनी त्याला चहा पाजला. किटली घेतली, तिच्या तोटीचं टोक बोटानं दाखवलं. तोटीला धारदार ओठ असला की चहा सुटून कपात पडतो. ओठ बोथट असला की चहा तोटीला चाटत खाली ओघळतो. गाडीच्या उतरत्या पाठीवरून वाराही तसाच चाटत खाली जातो आणि जाताना पाठ वर उचलतो. स्पॉयलर म्हणजे तो ओठ. वाऱ्याला सांगायचं, इथं सूट. "स्पॉयलर वाऱ्याला सोडवतोय, पंख वाऱ्याला राबवतोय. दोन्ही येगळी कामं. तुमच्या गाडीला कंपनीनं ओठ दिलाय तेवढा बास हाय. घरी जावा."

तो गेला. पंधरा दिवसांनी दुसरीकडून दुमजली पंख लावून मुद्दाम बोळातून गेला. मिस्त्रींनी हातातलं काम थांबवलं नाही. "कोंबडी चालली," एवढंच म्हणाले.

मिस्त्रींची एक स्वतःची गाडी होती. कुठल्याशा जुन्या गाडीचा सांगाडा, जिला मागची चाकं ढकलायची. तिचा पत्रा नि पत्रा त्यांनी हातानं ठोकला होता. चालवायची त्यांची मुलगी समीना. डिप्लोमा झालेली, बापासारखीच वाळकी, आणि बापाएवढंच कमी हसणारी. त्या गाडीचा पंख मिस्त्रींनी तीन वेळा मोडून चौथ्यांदा केला होता. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना सात-सात भोकं. पहिल्या भोकात खीळ घातली तर पंख जवळजवळ आडवा, सातव्यात पार उभा राहायच्या बेतात. जेवढा उभा, तेवढा दाब.

"पण कुठवर?" एकदा मी विचारलं.

"वाऱ्याला इचारूया," मिस्त्री म्हणाले.

आणि खरंच विचारलं. घरातल्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून बोटाएवढे धागे केले आणि गाडीच्या पाठीवर, पंखाच्या वरून, पोटाखालून टोकाटोकाला चिकटवले. सकाळच्या वेळी समीना ती गाडी घेऊन बायपासला पुढं, मागं मी माझ्या गाडीत, शेजारी मिस्त्री. चौथ्या भोकापर्यंत पंखाच्या पोटाखालचे धागे तेल लावून विंचरल्यासारखे सरळ. पाचव्याला टोकं थरथरली. सहाव्याला धागे पिसाळले, उलटेसुलटे नाचायला लागले. मला ते फार छान दिसलं आणि मी तसं बोललोही.

"छान?" मिस्त्री म्हणाले. "सर, वारा पंखाला धरून हाय तवर धागा गप असतोय. नाचाय लागला म्हंजे वारा सुटला. दाब ग्येला. वडणं मात्र दुप्पट. चौथं भोक. संपला इषय."

एवढ्यात पोलिसानं आम्हांला थांबवलं. लोकरीनं माखलेली गाडी बघून त्यानं विचारलं, "नवस फेडलाय काय?"

"नवसानं गाडी रस्त्याला चिकटत न्हाय, सायेब," मिस्त्री म्हणाले, आणि त्यालाही चौथ्या भोकापर्यंतचं सगळं समजावून सांगितलं. शेवटी त्यानंच हात जोडले आणि सोडलं.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं जे घडलं त्यात अज्ञानाची सबब मला नाही.

मिस्त्रींना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे ती किती टिकेल याची खात्री नाही. कडेकडेनं अंधार आत सरकत होता. मधे नळीएवढं उरलं होतं. "ह्या नळीतनं एकच बघायचं हाय," मिस्त्री म्हणत. "आमची समीना खऱ्या रेसच्या गाडीत. मग मिटू दे."

आणि तसा योग आला. बाहेरगावची एक रेसिंग टीम इथल्या ट्रॅकवर ड्रायव्हर निवडायला येणार होती. प्रत्येकानं आपापली गाडी आणायची. गाडीच्या वर्गाप्रमाणे एक वेळ ठरवलेली. तीन फेऱ्या, त्यांतली एक तरी त्या वेळेत. जमलं तर त्यांची एका माणसाची ती लांबुडकी रेसची गाडी मिळणार. नाही जमलं तर पुढच्या वर्षी.

गाडीबरोबर दोनच माणसांना आत सोडत होते. मिस्त्री आणि मी. समीना हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसलेली. खीळ घालायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी पट्टीवरून बोट फिरवलं. पण त्या उन्हात चकाकणाऱ्या पत्र्यावर त्यांना भोकं दिसेनात, आणि घाईत बोटानं मोजलेला आकडा दोनदा चुकला. आजवर त्या पंखाला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. दोन्ही खिळी माझ्या हातात दिल्या.

"सर, चौथं भोक."

आता माझं ऐका. आदल्या आठवड्यात मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली होती. कोन वाढला की दाब वाढतो. सूत्र तसंच सांगत होतं. सूत्रात लोकर नव्हती. धागे जुन्या स्वेटरचे होते, रस्ता खराब होता, शेजारून ट्रक जात होते. त्याला काय प्रयोग म्हणायचं? सूत्र मात्र छापलेलं होतं. ट्रॅकवर वळणं जास्त, म्हणजे दाब जास्त हवा. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. मी दोन्ही खिळी सातव्या भोकात घातल्या. मनात म्हटलं, वेळ आली की सांगू, आणि मिस्त्री एकदा तरी म्हणतील, 'सर, शिकावं तर तुमच्याकडनं.'

मिस्त्री कुंपणाशी डोळे मिटून उभे राहिले. लांबच्या सरळ पट्ट्यावर एक पिवळा खांब होता. समीना त्या खांबाच्या आधी चौथा गियर टाकायची. मिस्त्री तेवढंच ऐकत. पहिल्या फेरीत इंजिन ओरडत खांबाशी आलं, खांबाच्या पुढं गेलं, आणि मग गियर पडला.

मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. "वडतंय कायतरी," म्हणाले.

मोठ्या वळणावर गाडी बाहेरच्या कडेला फेकली गेली आणि तिची मागची बाजू सुटता सुटता राहिली. मी मोबाइलचा कॅमेरा जवळ ओढून बघत होतो; पडद्यावर पंखाच्या पोटाखाली तसेच राहिलेले लोकरीचे धागे नाचत होते. या वेळी मला ते छान दिसले नाहीत.

"सर," मिस्त्री म्हणाले, "कितवं भोक?"

"सातवं."

मला वाटलं, आता दोन्ही भाषांतल्या शिव्या येणार. आल्या असत्या तर बरं झालं असतं. मिस्त्री फक्त कुंपणाला धरत धरत आत चालू लागले. दुसऱ्या फेरीनंतर समीनाला हात करून आत बोलावलं. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि खालून एक, दोन, तीन, चार असं मोठ्यानं मोजत, दोन्ही खिळी स्वतः बसवल्या. त्या मोजण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. समीनानं हेल्मेटच्या काचेतून एकदाच माझ्याकडं बघितलं.

तिसऱ्या फेरीत गियर खांबाच्या आधी पडला. पण आधीच्या दोन फेऱ्यांत घसरून घसरून टायरांचा जीव गेला होता, आणि टायरांचा दुसरा सेट आमच्याकडं नव्हता. दोन दशांश सेकंदांनी वेळ हुकली. दोन दशांश म्हणजे किती? 'सातवं' म्हणायला मला त्याहून जास्त वेळ लागला होता.

परतल्यावर बोळाच्या तोंडाशी टेम्पोतून उतरताना समीना म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी बी या. खरं हात खिशात घालून."

मी महिनाभर गेलो नाही. मग गेलो. मिस्त्रींनी डबा पालथा करून दिला. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देऊ लागले : "हे सर. फिजिक्सचं. हेंच्याशी बोला, चहा प्या, खरं पाना हातात देऊ नगा."

त्या वर्षात मी मिस्त्रींची नळी बारीक होत जाताना बघितली. आधी किटलीची तोटी सापडेना. मग अंगणातल्या कोंबड्या मोजता येईनात. दिवाळीनंतर ते पत्रा फक्त तळव्यानं करू लागले, आणि काम पहिल्यासारखंच होत होतं. "आता गिऱ्हाईकाच्या बाजूचं कुणी ऱ्हायलं न्हाय," म्हणायचे. 'डोळ्यांचं ऐकू नगा' हे आपलं बोलणं देवानं एवढं मनावर घ्यावं याचंच त्यांना हसू यायचं. मला येत नसे.

पुढच्या वर्षी समीनानं पहिल्याच फेरीत वेळ गाठली. चौथ्या भोकात. मी शेडमध्येच थांबलो होतो, खिशात हात घालून. त्यानंतर थोड्याच दिवसांत बापलेक टीमच्या गावी राहायला गेले, शेडला कुलूप लागलं. मला मिस्त्री शेवटचे दिसले ते जायच्या आदल्या आठवड्यात, इथल्याच ट्रॅकवर, समीना पहिल्यांदा टीमची गाडी घेऊन उतरली तेव्हा.

कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून ते उभे होते. इस्त्रीचा सदरा, डोळे उघडे, आणि मान आवाजाच्या दिशेनं वळत होती, पण जराशी उशिरा. आता नळीसुद्धा उरली नव्हती. गाडी सरळ पट्ट्यावर आली, खांबाच्या बरीच आधी गियर पडला आणि मिस्त्रींच्या हातांतली तार किंचित वाजली.

"सर, गाडी कशी दिसती?"

"बुटकी. लांब. पिवळी. चाकं चारी उघडी आहेत."

"समीना?"

"हेल्मेट तेवढं दिसतंय. मान सरळ आहे."

"आनि मागं पंख?"

"आहे. चांगला मोठा आहे."

"कितव्या भोकात?"

मी बघायचा प्रयत्न केला. गाडी वळणावर होती, उन्हात पत्रा चकाकत होता.

"इथनं दिसत नाही, मिस्त्री."

मिस्त्रींनी तार सोडली नाही, मान वळवली नाही.

"एवढं आंधळं गेल्या वर्षी असतासा," ते म्हणाले, "तर मी ही गाडी बघितली असती."